माशांसाठी मांडलेला फराळ

पाहुण्यांपुढे फराळाचे ताट मांडावे आणि त्या ताटानेच पाहुण्यांच्या वाटणीचे जेवण फस्त करावे, अशी गोष्ट ऐन दिवाळीत कुणी सांगितली, तर आपण ती हसण्यावारी नेऊ. पण अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात असे खरोखरच घडले आहे. पाहुणे होते मासे आणि ताट होते एका इवल्याशा जलचराचे.

या जलचराचे नाव मायसिस. दिसायला आपल्या जवळ्यासारखा: लांबी बोटाच्या पेराएवढी, अंग काचेसारखे पारदर्शक, डोळे तेवढे काळेभोर. कोळंबीशी त्याचे दूरचे नाते आहे, पण ही खरी कोळंबी नव्हे. मादीच्या पोटाशी एक पिशवी असते आणि तीत ती पिल्ले वाढवते. उत्तर अमेरिकेतल्या काही थंड, खोल सरोवरांत हा प्राणी मूळचाच राहणारा. तेथे त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

तक्रार सुरू झाली ती माणसाने त्याला उचलून दुसरीकडे नेल्यावर. कॅनडातल्या कूटने सरोवरात १९४९ साली मायसिस सोडण्यात आला. हेतू चांगलाच होता: माशांना खायला मिळावे. पुढे त्या सरोवराच्या पश्चिमेकडील फाट्यातले कोकॅनी मासे चांगले धष्टपुष्ट झालेले दिसले. कोकॅनी हा जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा साल्मन. नाव ऐकून आपल्या कोकणाची आठवण झाली, तरी त्याचा कोकणाशी काही संबंध नाही! ही वार्ता पसरली आणि ठिकठिकाणच्या सरोवरांत मायसिस सोडण्याचा सपाटा सुरू झाला.

मॉन्टानातही १९६८ नंतर काही लहान सरोवरांत तो सोडला गेला. त्यांचे पाणी खाली वाहत जाते ते फ्लॅटहेड नावाच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटरच्या सरोवरात. तेथे मायसिसला कुणी बोलावले नव्हते, पण वाहत्या पाण्याबरोबर तो आलाच. १९८१ मध्ये तो फ्लॅटहेडमध्ये आढळला आणि १९८६ पर्यंत त्याची संख्या शिगेला पोचली.

आता तुम्ही म्हणाल, मग माशांची चंगळच झाली असेल! मेख आहे ती इथेच. कोकॅनी मासा दिवसाउजेडी, डोळ्यांनी पाहून, वरच्या पाण्यात भक्ष्य टिपतो. मायसिस दिवसभर तळाच्या अंधारात दडतो आणि रात्र पडली की वर येतो. एक दिवसपाळीचा, दुसरा रातपाळीचा. एकाच चाळीत राहून दोघांची गाठ म्हणून पडत नाही. बरे, रात्री वर येऊन हे महाशय खातात काय? डॅफ्नियासारखे पाण्यातले बारीक जीव, म्हणजे नेमके कोकॅनीचे जेवण! सकाळी मासा जेवायला बसतो, तो डबा रिकामा.

मग कूटनेत कसे जमले? तिथला तो फाटा उथळ. प्रवाहच मायसिसला खालून उचलून वर आणी आणि माशाच्या तोंडी देई. फ्लॅटहेड पडले खोल आणि संथ. लोकांनी यश पाहिले; त्याचे कारण पाहायचे राहिले.

त्याची किंमत कुणी मोजली? फ्लॅटहेडमधले कोकॅनी दर शरदात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या मॅक्डॉनल्ड ओढ्यात अंडी घालायला चढत. एखाद्या वर्षी ते लाखावर भरत. त्यांच्यावर ताव मारायला पांढऱ्या डोक्याचे गरुड जमत. १९८१ मध्ये ६३९ गरुड मोजले गेले. तो सोहळा पाहायला १९८३ मध्ये ४६,५०० माणसे आली. १९८९ मध्ये ओढ्यात मासे उरले सुमारे ५०, गरुड २५ आणि प्रेक्षक हजारभर. गरुडांना पंख होते, ते दुसरीकडे गेले. माशांना जायला जागा नव्हती.

खरे तर कोकॅनीही इथला मूळ रहिवासी नव्हे. १९१६ मध्ये माणसानेच त्याला तेथे आणले. त्याआधी आणलेल्या लेक ट्राउटचे मात्र फावले. त्याची पिल्ले खोल पाण्यात राहतात, त्यांना मायसिस आयता मिळाला. ट्राउट माजले आणि घरचा बुल ट्राउट मागे पडला. पुढे १९९३ पासून काही वर्षे कोकॅनीची पिल्ले वाढवून सरोवरात सोडून पाहिली, तर तीही लेक ट्राउटने गिळली. मायसिस आजही त्या सरोवरात सुखाने नांदतो आहे. त्याला तेथून घालवण्याचा उपाय सापडलेला नाही.

शेजारणीला ज्या औषधाने गुण आला, ते आपल्या मुलाला देण्यापूर्वी शहाणी आई आधी विचारते, 'तिला झाले होते काय?' सरोवराच्या बाबतीत हा साधा प्रश्न विचारायचा राहून गेला, एवढेच.