तीर्थोदक आणि वैद्याचे कर्तव्य

राजापूरची गंगा प्रकट झाली, की तिचे पाणी आमच्या हिंजवडीपर्यंत येते. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेली कोकणातील कुटुंबे ते बाटलीत भरून आणतात आणि विचारतात, “डॉक्टर, बाळाच्या अंगावरच्या पुरळासाठी हे पाजले तर चालेल ना?” या प्रश्नाला ‘श्रद्धा असेल तर द्या’ हे उत्तर जितके अपुरे, तितकेच ‘ही अंधश्रद्धा आहे’ हेही अपुरे होय.

रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हाळे गावी चौदा कुंडांचे हे तीर्थ आहे. साधारणतः तीन वर्षांनी गंगा अवतरते व काही काळाने अंतर्धान पावते, हा रूढ समज; अलीकडे मात्र हा क्रम बराच अनियमित झाला आहे. याच गावात अर्जुना नदीकाठी उष्णोदकाचा झराही आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील खेड्यांतही संतांच्या नावाचे असे झरे असून, नेत्ररोग, ज्वर आदींच्या निवारणार्थ लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आले आहेत. जलाविषयीची ही श्रद्धा मानवमात्राची आहे. ती तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

परंतु आपल्या शास्त्राने जलाची केवळ स्तुती केलेली नाही, परीक्षाही सांगितली आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४५ व्या अध्यायात भौम जलाचे सात प्रकार मानले. त्यांपैकी भूमी भेदून वर येणारे औद्भिद जल मधुर व पित्तशामक म्हटले आहे. त्याच अध्यायात स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक असे जलाचे सहा दोष वर्णिले असून, दूषित जलाच्या सेवनाने होणाऱ्या विकारांत त्वग्दोषाचीही गणना आहे. म्हणजे ज्या व्याधीसाठी तीर्थोदक दिले जाते, तीच व्याधी व्यापन्न जलाने उत्पन्न होऊ शकते!

स्नानाबाबतही हेच. उष्णोदकाने शिरःस्नान केश व नेत्र यांचे बल घटविते, तसेच अतिसार, अजीर्ण, पीनस व नेत्ररोग असताना स्नान वर्ज्य, असे वाग्भटाचार्य सांगतात. कुष्ठ व नेत्राभिष्यंद हे संसर्गाने एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे संक्रमित होतात, हे सुश्रुतांनी निदानस्थानातच नोंदविले आहे. मग एकाच कुंडात त्वग्रोगी व निरोगी यांनी एकत्र उतरणे शास्त्रसंमत कसे मानावे?

जलदुष्टीची किंमत पुणेकरांस नव्याने सांगावयास नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे अनेक रुग्ण आढळले. काहींच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला आणि संशयाचे बोट पाण्याकडे वळले. उघड्या कुंडातील पाणी, कितीही पवित्र असले तरी, या नियमास अपवाद नाही.

म्हणून वैद्यबंधु-भगिनींना विनंती, की रुग्णाचा भाव दुखवू नये. पण पाणी पाजण्यापूर्वी ते उकळण्यास निःसंकोच सांगावे. बालक, गर्भिणी व क्षीणबल रुग्ण यांस ते न देणेच श्रेयस्कर. तीर्थस्नानाने गुण आला असे कोणी सांगितल्यास व्याधी, काळ, सोबतची औषधे व पथ्य यांची नोंद ठेवावी. अशा नोंदी जमल्या, तरच तीर्थोदकाविषयी अधिकाराने बोलता येईल. तोपर्यंत बाटली घेऊन आलेल्या मातेला मी एवढेच सांगतो: गंगा देव्हाऱ्यात ठेवा, बाळाला उकळून गार केलेले पाणी द्या आणि पुरळ मला पाहू द्या.