तळघरातला डेमो

"डेमोपुरतं ठीक आहे, पण प्रॉडक्शनला जायचं तर सगळं नव्याने लिहावं लागेल." हे वाक्य कधीच ऐकलं नाही असा इंजिनियर मला अजून भेटायचा आहे. गेल्या गुरुवारी मात्र हे वाक्य मीच बोललो! आमच्या टीममध्ये वर्षभरापूर्वी लागलेल्या एका मुलीने संध्याकाळी थांबून थांबून एक छोटं टूल लिहिलंय. सहा जण ते रोज वापरतात. ती एवढंच म्हणाली, "सर, म्हणजे आत्ता जे चालतंय ते टाकून द्यायचं का?" मी "तसं नाही गं..." असं काहीतरी पुटपुटलो आणि मीटिंगला पळालो.

घरी येताना कंपनीच्या बसमध्ये कानात बॉस्टन चालू होता. शहर नव्हे, बँड. आणि एकदम लक्षात आलं, की आज आपण एपिक रेकॉर्ड्सचे साहेब झालो!

सांगतो. टॉम शोल्झ हा तसा आपल्यातलाच माणूस. एमआयटीतून मेकॅनिकलची मास्टर्स डिग्री आणि पोलरॉइडमध्ये प्रॉडक्ट डिझाइनची नोकरी. पगाराच्या पैशातून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनला घराच्या तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या शेजारी, स्टुडिओ उभा केला. रेकॉर्डर १२ ट्रॅकचा. गिटार, बेस, ऑर्गन असं बरंचसं स्वतःच वाजवायचं आणि एकावर एक थर चढवत जायचं. ड्रम्सवर जिम मासडिया, गायला ब्रॅड डेल्प. बऱ्याच कंपन्यांनी हे डेमो परत पाठवले. शेवटी एपिकने करार केला, पण अट घातली: बाहेरचा निर्माता घ्या आणि रीतसर स्टुडिओत सगळं पुन्हा रेकॉर्ड करा.

गंमत बघा. आवडला तो तळघरातला आवाज, आणि नको होतं तेही तळघरच!

इथे जॉन बॉयलन हा निर्माता येतो. त्याने काय केलं? बँडमधल्या बाकीच्यांना घेऊन तो लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे 'लेट मी टेक यू होम टुनाइट' हे गाणं रेकॉर्ड करत बसला. कंपनीला वाटलं, अल्बम तिथेच होतोय. इकडे शोल्झ नोकरीतून रजा काढून रोज तळघरात उतरत होता आणि स्वतःच्याच डेमोबरहुकूम गाणी पुन्हा वाजवत होता. ते झाल्यावर बॉयलनने रेकॉर्डिंगचा ट्रक दारात आणवला, तळघराच्या खिडकीतून केबल आत सोडली आणि सगळे ट्रॅक २४ ट्रॅकच्या टेपवर उतरवून घेतले. डेल्पचा आवाज मात्र लॉस एंजेलिसच्या चांगल्या स्टुडिओत घेतला.

ऑगस्ट १९७६ मध्ये अल्बम आला. 'मोअर दॅन अ फीलिंग' बिलबोर्डच्या यादीत पाचव्या नंबरापर्यंत गेलं, अल्बम तिसऱ्यापर्यंत. अमेरिकेत त्याला १ कोटी ७० लाख प्रतींचं प्रमाणपत्र आहे.

ही गोष्ट नेहमी 'नोकरी सांभाळून स्वप्न पुरं करणारा इंजिनियर' अशी सांगितली जाते. खरी आहे, पण माझ्या मते अर्धीच. शोल्झसारखे लोक आपल्या आजूबाजूलाही असतात. दुर्मिळ असतो तो बॉयलन. कुठे हात लावायचा नाही हे त्याला कळलं, आणि कुठे लावायलाच हवा हेही कळलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे वरच्यांना फसवायचं का? नाही. मला ती बाजू आवडत नाही, आणि माझ्यात तेवढी हिंमतही नाही. शिवाय या कथेत सगळ्यांचं भलं झालं असंही नाही. डेमोवर वाजवणारा मासडिया पक्क्या बँडमध्ये राहिला नाही, अल्बमवर तो एकाच गाण्यात आहे. आणि शोल्झला एकट्यावर सोडलं तर काय होतं तेही पुढे दिसलं. दुसरा अल्बम १९७८ ला, तिसरा थेट १९८६ ला. मधल्या काळात उशिरावरून सीबीएसने त्याच्यावर खटला भरला. १९९० मध्ये निकाल शोल्झच्या बाजूने लागला, पण आठ वर्षं ती आठ वर्षंच. म्हणून म्हणतो, तळघरही हवं आणि ट्रकही हवा.

माझ्या पहिल्या नोकरीत माझं एक टूल असंच 'रीतसर' टीमकडे गेलं होतं. नवीन टूल यायला आठ महिने लागले. तोवर वापरणारे सगळे परत एक्सेलवर गेले होते. तेव्हा मी किती चिडलो होतो! आणि गुरुवारी तेच मी दुसऱ्या कुणाला तरी ऐकवलं, तेही कोड उघडून न बघता. खुर्ची बदलली की वाक्यं आपोआप बदलतात बहुतेक.

असो. काल रात्री तिचा कोड बसून वाचला. पासवर्ड सरळ फाइलमध्ये लिहिलेत, टेस्ट एकही नाही, आणि सगळं तिच्या लॅपटॉपवर चालतं. हे बदलावंच लागेल. पण मधला जो भाग खरं काम करतो, तो मी स्वतः लिहिला असता तरी याहून चांगला जमला नसता. सोमवारी तिला आधी हे सांगायचंय, बाकीचं नंतर. आणि साहेबांनाही सांगायचंय, उघडपणे. ते 'रीतसर'चा आग्रह धरतील, तेव्हा माझी खरी परीक्षा.

तोवर हेडफोन लावा आणि तो अल्बम ऐका. भट्टीचा आवाज कुठे येतोय का बघा!