नाव मोठं, दम सरलेला

डेव्हिड त्रेझेगे पुण्याच्या संघाकडून खेळणार, ही बातमी २०१४ च्या पावसाळ्यात आली. वडूजमध्ये आवर्जून फुटबॉल बघणारी माणसं तेव्हा मोजकीच होती आणि आमच्यापैकी कुणालाच ती खरी वाटेना. १९९८ चा विश्वचषक जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला हा खेळाडू. २००० च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध जादा वेळेत गोल मारून त्याने एका फटक्यात सामना संपवला होता. युव्हेंटससाठी त्याचे १७१ गोल. असा माणूस बालेवाडीच्या मैदानावर उतरणार, म्हणजे आमच्यापासून एसटीने चार तासांवर!

इंडियन सुपर लीगचा तो पहिला मोसम. १४ ऑक्टोबरला पुण्याचा पहिला सामना दिल्लीत होता आणि दिल्लीच्या संघात होता अलेस्सांद्रो देल पिएरो. या दोघांचं नातं ज्यांना ठाऊक होतं, ते त्या सामन्याकडे डोळे लावून बसले होते. दोघं युव्हेंटसमध्ये वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून खेळले. २००० च्या त्या अंतिम सामन्यात देल पिएरोने हाताशी आलेल्या संधी दवडल्या आणि त्रेझेगेने कप नेला. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उलटं झालं. पेनल्टींमध्ये त्रेझेगेचा फटका आडव्या खांबावर आदळला, देल पिएरोने आपला गोल केला आणि इटली जगज्जेती ठरली. फुटबॉलमधली इतकी मोठी दोन आयुष्यं दिल्लीच्या मैदानावर समोरासमोर आली, आणि सामना सुटला ०-० असा.

चारच दिवसांनी मुंबई सिटीने पुण्याचा ५-० असा फडशा पाडला. त्या दिवशी हॅटट्रिक केली आंद्रे मोरित्झ नावाच्या ब्राझिलियनने. त्याचं नाव आमच्यापैकी कुणीही आधी ऐकलेलं नव्हतं. मोसम संपला तेव्हा त्रेझेगेच्या नावावर ९ सामन्यांत २ गोल होते, देल पिएरोच्या नावावर १० सामन्यांत १. पुणे सहावं आलं. पुढच्या जानेवारीत त्रेझेगेने खेळातून निवृत्ती घेतली.

या खेळाडूंना नावं ठेवणं सोपं आहे आणि त्या काळात ती भरपूर ठेवली गेली. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. गोव्याने आणलेला रॉबेर पिरेस २०११ नंतर व्यावसायिक सामना खेळलेला नव्हता आणि त्याच मोसमात त्याने एक्केचाळिशी गाठली. मुंबईने आणलेल्या फ्रेडी ल्युंगबर्गने २०१२ मध्येच बूट उतरवले होते. तो जेमतेम चार सामन्यांत दिसला आणि दुखापतीने बाहेर गेला. ही माणसं लपूनछपून म्हातारी झाली नव्हती. त्यांची वयं, शेवटचे सामने, दुखापती, सगळं जगजाहीर होतं. ऑक्टोबरचा दमट उकाडा, दोन महिन्यांत चौदा सामने, कोचीपासून गुवाहाटीपर्यंत सततचा विमानप्रवास. यात त्या शरीरांचं काय होणार, हे कुठल्याही शाळेच्या पीटीच्या सरांनी सांगितलं असतं. पण नियम असा होता की प्रत्येक संघाकडे एक मार्की खेळाडू हवाच. मार्की म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटं खपतील तो. नावाची किंमत मोजली आणि नावच पदरात पडलं, तर फसवलं कोणी?

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत कुस्तीचं मैदान भरतं. तिथे जोड ठरवताना पंच पैलवानाचं वजन बघतात, यंदाची मेहनत बघतात, अलीकडच्या कुस्त्या कशा झाल्या ते विचारतात. दहा वर्षांपूर्वी गाजलेल्या मल्लाला फेटा बांधून मानाने पुढे बसवतात, त्याच्या हस्ते कुस्ती लावतात. त्याला लांग चढवून आखाड्यात उतरवत नाहीत. पुण्या-मुंबईच्या मालकांना हा विवेक सुचला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यातून शिकले असते तर ठीक होतं. २०१५ मध्ये पुण्याने एड्रियन म्यूटूला आणलं. रुमानियासाठी ३५ गोल केलेला, एके काळी चेल्सीने मोठी रक्कम मोजून घेतलेला आणि कोकेनच्या प्रकरणात कारकीर्द खिळखिळी झालेला खेळाडू. त्याने चार गोल केले, संघ सातवा आला. २०१६ मध्ये आइसलँडचा ऐदुर गुडयॉनसन ठरला. मोसम सुरू होण्याआधीच त्याला दुखापत झाली आणि एकही सामना न खेळता तो परतला. त्याच्या जागी काय केलं? मोहम्मद सिसोको, म्हणजे आणखी एक नाव.

वय हेच एकमेव कारण होतं असंही नाही. दिएगो फोर्लान २०१६ मध्ये ३७ व्या वर्षी मुंबईत आला आणि त्याने पाच गोल केले; मुंबई त्या साली साखळीत अव्वल राहिली. पण तो उरुग्वेतल्या पेन्यारोलकडून खेळत आलेला होता, निवृत्तीच्या खुर्चीतून उठून नव्हे. चेन्नईच्या एलानोने तर पहिल्याच मोसमात आठ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. खेळात असलेला आणि खेळ सोडलेला, एवढाच फरक बघायचा होता. २०१७-१८ मध्ये पुणे पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचलं ते मार्सेलिन्हो आणि एमिलियानो आल्फारो यांच्या जोरावर. या दोघांची पोस्टर युरोपात कुणाच्या भिंतीवर नव्हती. आल्फारोने त्या मोसमात नऊ गोल केले.

मोठ्या नावांमुळे माणसं मैदानावर आली, हे खरं आहे. पहिल्या मोसमात सामन्याला सरासरी वीस हजारांहून जास्त प्रेक्षक होते. वडूजच्या पोरांनी देल पिएरोचं नाव ऐकलं तेही त्यामुळेच. ते मी नाकारत नाही. मला सलतं ते दुसरंच. पुण्यात आधीपासून एक संघ होता, पुणे एफसी. २००७ साली उभा राहिलेला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आलेला, स्वतःची अकादमी असलेला. सुपर लीगचा झगमगाट सुरू झाला आणि वर्ष-दीड वर्षात त्या संघाची पहिली फळी बंद झाली. अकादमी नव्या संघाने घेतली, तेवढीच वाचली. आणि २०१९ मध्ये तो नवा संघही गुंडाळला गेला. त्याची जागा हैदराबादला गेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलाला ज्याकडे बोट दाखवून 'तिथं खेळायचं' म्हणता येईल, असा सुपर लीगचा संघ पुण्यात उरला नाही.

अनिकेत जाधव कोल्हापूरचा. ज्या गावात तालमींच्या नावाने फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात, तिथला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुण्याच्याच अकादमीत घडला, २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर केरळला पेनल्टींवर हरवून हैदराबादने सुपर लीग जिंकली, तेव्हा तो हैदराबादच्या ताफ्यात होता. पुण्याने घडवलेला पोरगा, पुण्याच्या जागी उभा राहिलेला संघ, आणि कप दुसऱ्याच गावाचा. म्यूटूच्या चार गोलांपेक्षा ही गोष्ट मला जास्त लागते.

त्याच २०१७ मध्ये, विश्वचषकाच्या निमित्ताने, १५ सप्टेंबरला राज्य सरकारने शाळाशाळांतून फुटबॉलचा दिवस केला आणि शाळांना चेंडू दिले. एका दिवसाचा तो उत्साह फार गोड होता. चेंडू कालांतराने फाटतात. आमच्या माण-खटावच्या पोरांच्या दमाबद्दल कुणी शंका घेऊ नये. मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरी धावली, ती याच दुष्काळी माळावरची. पण धावायला माळ पुरतो. फुटबॉलला वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी चेंडू कसा थांबवायचा हे शिकवणारा माणूस लागतो आणि आठवड्याला एक खरा सामना लागतो. शालेय स्पर्धेत दोन सामने हरलं की आमच्या मुलांचं वर्ष संपतं.

पुण्यात पुन्हा कधी कुणी मोठा संघ काढणार असेल, तर त्याला माझी विनंती आहे. पहिल्या वर्षीच्या मार्कीचे पैसे बाजूला काढावेत आणि सातारा, सांगली, कोल्हापूरच्या एकेका तालुक्यात पगारी प्रशिक्षक नेमावा. वडूजला आला तर त्याच्या राहण्याजेवण्याची सोय आम्ही गावकरी करू. संध्याकाळी पाच वाजता मैदानावर पोरं हजर असतील, हे मी शब्द देऊन सांगतो.