सिंहाची वाटणी

यंदा दिवाळीला खंडाळ्यास निघालो, तो वडिलोपार्जित घराची वाटणी करायचीच असा निश्चय करून! दरीकडची खोली दादाची, ओसरी दादाची. माझ्या नशिबी मागली अंधारी खोली.

पण वाटेत आठवत राहिले गेल्या हिवाळ्यात गीरला पाहिलेले दोन सिंह, एकमेकांना खेटून पहुडलेले. गीरमधले नर सिंहिणींच्या कळपात कायम राहत नाहीत. दोघे-तिघे मिळून आपला मुलूख राखतात. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी अशा जोड्यांचा माग काढून २०१७ साली हिशेब मांडला. वरचढ सिंहाला सोबत्यापेक्षा ४७ टक्के अन्न अधिक, आणि मीलनाच्या ७० टक्क्यांहून अधिक संधी त्याच्याच! तरीही दुसरा त्याला धरून राहतो. कारण जोडीपुढे एकट्याचा मुलूख टिकणे कठीण.

रात्री ओसरीवर दादाने चकल्यांचा डबा उघडला. तीनच उरल्या होत्या. दोन त्याने उचलल्या.

“काही बोलायचं होतं ना तुला?”

मी तिसरी उचलली.

“हो. पावसाळ्यापूर्वी कौलं चाळून घ्यायला हवीत, दादा. दोघं मिळून करू.”