हॉस्टेल ते कँटीन, व्हाया पेट्रोल

आपल्या पुणे विद्यापीठाचं आवार ४११ एकर. शहराचं फुप्फुस वगैरे म्हणतो आपण त्याला. आणि त्याच फुप्फुसात हॉस्टेल ते कँटीन एवढ्याशा अंतरालाही बाइक!

लोकहो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन-अडीचशे अंशांपुढे तापल्याशिवाय धड काम करत नाही. म्हणजे थंड इंजिनाची ही चिमुकली फेरीच किलोमीटरमागे सगळ्यात घाण. तिथे बीएस-६ चा शिक्का फारसा कामाचा नाही.

२०१७ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या, फोटो निघाले, पुढे सायकली गायब. होणारच! सायकलला भाडं आणि स्वतःची गाडी थेट विभागाच्या दारात, मग सायकल कोण घेणार? गाड्या गेटवरच थांबवा, आत ई-बस फिरवा. (अपंग, वयस्कर यांना सूट, प्रश्नच नाही.)

'विद्यार्थ्यांची गैरसोय होईल' म्हणे. चालत येणाऱ्यांची सोय कधी विचारलीत?