पोरांचा घाम आणि घराचा भाव

शेतकरी भावांनो, अमेरिकेतले न्यू ऑर्लीन्स बंदर कापूसवाल्याला अगदीच परके नाही. १८६१ साली तिकडे यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, विलायतेला जाणारा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लढाई संपली, भाव उतरला. आज त्याच बंदराची दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. तीही भावाचीच आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले. शहर बुडाले ते मुख्यतः सरकारी इंजिनियरांनी बांधलेल्या पूरभिंती फुटल्यामुळे. शंभरातले ऐंशी हिस्से शहर पाण्याखाली गेले. लोअर नाइन्थ वॉर्ड ही काळ्या कष्टकऱ्यांची वस्ती. निम्म्याहून अधिक कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारी. ती वस्ती पार धुऊन निघाली.

पुढच्या मार्चात कॉलेजांना सुट्टी लागली. या सुट्टीत तिकडची पोरे समुद्रावर मौज करायला जातात. २००६ साली हजारो पोरेपोरी न्यू ऑर्लीन्सला गेली. तोंडाला मास्क, हातात पहार. बुरशी धरलेल्या भिंतींचे तक्ते उचकटायचे, कुजलेल्या अन्नाने भरलेले फ्रीज रस्त्यावर ओढायचे, घराचा लाकडी सांगाडा उघडा करायचा. ठेकेदार याच कामाचे हजारो डॉलर मागत होते. समाजसेवा म्हटले की माझ्या कपाळाला आठी पडते. हार, फोटो आणि भाषणे पुष्कळ पाहिली आहेत. पण हे काम फोटोचे नव्हते. त्या पोरांनी घरे वाचवली, हे मान्य केले पाहिजे.

सांगाडा वाचला. पुढे भिंती, छप्पर, वीज यांना पैसा लागतो. त्यासाठी लुइझियाना राज्याने केंद्राच्या पैशातून ‘रोड होम’ योजना काढली. मदत जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. हिशेब असा, की वादळापूर्वी घराची बाजारात किंमत किती होती आणि दुरुस्तीला खर्च किती येतो, यांत जो आकडा कमी तो धरायचा. समजा, दोन घरांना दुरुस्तीचा खर्च सारखाच, एक लाख डॉलर. गोऱ्यांच्या वस्तीतल्या घराची किंमत दोन लाख. त्याला एक लाख मिळणार. काळ्यांच्या वस्तीतल्या घराची किंमत पन्नास हजार. त्याला पन्नास हजारच. विम्याचे पैसे त्यातूनही वजा. लाकूड, खिळे, सिमेंट मात्र दोघांना एकाच भावाने!

उत्पादन खर्च एक आणि हाती पडते दुसरेच, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१८ पासून सरकार हमीभाव खर्चाच्या दीडपट असल्याचे सांगते. त्या खर्चात शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरलेले नसते.

आणखी एक खोड होती. पुष्कळ घरे कागदोपत्री मेलेल्या आजाच्या नावावर. वारसांकडे कागद नाही, म्हणून मदत नाही. ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून बापाचे नाव आहे, त्यांना ही अडचण फोडून सांगायला नको. तिथे गेलेल्या पोरांत कायद्याचे विद्यार्थीही होते. त्यांनी कज्जे आणि कागदपत्रे हाती घेतली. ते काम माझ्या मते पहारीच्या कामापेक्षा तसूभरही कमी नाही.

२००८ साली घरमालक कोर्टात गेले. २०११ साली तडजोड झाली आणि ६ कोटी २० लाख डॉलर आणखी द्यावे लागले. तोवर सहा वर्षे गेली होती. लोअर नाइन्थ वॉर्डात २००० साली सुमारे १४,००० माणसे होती, २०१० साली ३,००० सुद्धा नव्हती. पोरांनी साफ केलेल्या घरांत परत यायला माणसांजवळ पैसाच नव्हता. फुकटच्या घामाने सरकारच्या हिशेबातली खोट काही काळ झाकली जाते, भरून निघत नाही.

आपल्या गावीही हिवाळ्यात कॉलेजांची शिबिरे येतात. पोरांना भाकरी-ठेचा द्या, शोषखड्डे खणू द्या. पण एका संध्याकाळी त्यांना ओसरीवर बसवून क्विंटलभर कापसाचा हिशेब लिहायला लावा: बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी. मग स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज हे दोन रकाने त्यांच्याच हाताने भरून घ्या आणि तो कागद त्यांच्यासोबत शहरात जाऊ द्या.