काळविटाचा चारा कोणाच्या खातीं?

या मासिकांतून हुमणी, तांबेरा, घाटेअळी यांविषयीं दर महिन्यास कांहीं ना कांहीं छापून येतें, आणि तें आलेंच पाहिजे. परंतु धाराशिव जिल्ह्यांतील माळरानालगतच्या शेतकऱ्यास त्याचें मोठें दुखणें कोणतें म्हणून विचारलें, तर तो किडीचें नांव प्रथम घेत नाहीं. तो हरणांचें घेतो, रानडुकरांचें घेतो. किडीवर औषध मारतां येतें; या जनावरांवर हात उचलला तर तुरुंगाची वाट धरावी लागते. शेतकरी ज्यास उपद्रवी म्हणतो, तेंच जनावर कायद्याच्या पुस्तकांत संरक्षित ठरलेलें असतें. या दोन शब्दांमधील भांडणाचा खर्च आज कोण देत आहे, एवढाच प्रश्न मला येथें मांडावयाचा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं, कारण त्याविषयीं गांवोगांव गैरसमज फार. वन्यजीव संरक्षण कायदा इ. स. १९७२ मध्यें झाला. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. या अनुसूचींतील जनावर मनुष्याच्या जिवास धोकादायक झालें, किंवा बरें न होण्याइतकें जखमी अथवा रोगी असलें, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्यास मारण्याची परवानगी देऊं शकतात. पीक खाल्लें हें कारण तेथें चालत नाहीं. रानडुकराची गोष्ट निराळी. इ. स. २०२२ च्या दुरुस्तीनें तें दुसऱ्या अनुसूचींत आलें, आणि त्या अनुसूचींतील जनावर उभ्या पिकास धोकादायक झाल्यास अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनें मारतां येतें. पुष्कळ शेतकरी दोन्ही जनावरांस एकच कायदा लावतात आणि त्यामुळें गोत्यांत येतात.

कायदा चुकीचा आहे असें मी म्हणत नाहीं. निजामी अंमलांत शिकार हा दरबारचा षोक होता. पुढें जीपगाड्या आल्या, रात्रीं दिवे टाकून कळपच्या कळप टिपण्याची सोय झाली. तो प्रकार कोणीतरी थांबविला नसता तर आज माळावर काळवीट पाहावयास मिळाला नसता. परंतु जनावर राष्ट्राचें आणि चारा माझा, ही वांटणी कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं.

आतां नुकसान कसें होतें तें पाहावें. रानडुकरांचा कळप भुईमुगांत किंवा मक्यांत एक रात्र शिरला कीं सकाळीं शेत नांगरल्यासारखें दिसतें. उसाच्या फडांत तीं दिवसा दडून राहतात आणि रात्रीं शेजारच्या पिकांत उतरतात. हें नुकसान डोळ्यांस दिसतें. पंचनामा करणाऱ्यास बोट दाखवून सांगतां येतें. काळविटाचें तसें नाहीं. सोयाबीन, उडीद, मूग नुकते उगवून दोन पानांवर आले कीं पहाटे कळप येतो आणि शेंडे खुडून जातो. रब्बींत हरभऱ्याचें तेंच. कांहीं रोपें मरतात, कांहीं पुन्हां फुटतात, पण मागें पडतात. आठ-दहा दिवसांनीं कोणी पाहावयास आला तर शेत हिरवेंच असतें. तासें विरळ झालीं, मोडाला पुन्हां बियाणें टाकावें लागलें, मागें पडलेलें पीक पुढें पावसाच्या ताणांत सांपडलें, हें सारें त्या हिरव्या रंगाखालीं झांकून जातें. सुगीला उतारा कमी आला म्हणजे दोष पावसाच्या माथीं.

महसूल खात्यांतील कारकुनींत पैसेवारीचे तक्ते मीं पुष्कळ उतरविले. त्यांत पीक किती आलें हें येतें. न आलेलें कोणीं खाल्लें याचा रकाना त्यांत नाहीं. आणि सरकारदरबारीं ज्यास रकाना नाहीं तें घडलेंच नाहीं असें समजलें जातें. यांत कोणा एका अधिकाऱ्याचा दुष्टपणा नाहीं. कागदाचा स्वभावच तसा आहे.

शिवाय जागलीचा हिशेब कोण करतो? माचा बांधावयाचा, गोफण घ्यावयाची, डबे वाजवावयाचे, थंडीच्या दिवसांत अंगावर घोंगडें घेऊन रात्र काढावयाची, आणि सकाळीं पुन्हां औत धरावयाचें. ज्याच्या घरीं दोन तरणे हात आहेत त्याचें पीक वांचतें. ज्याचा मुलगा पुण्यास कामाला गेला आहे, त्याच्या शेतांत कळप वळतो. एकानें हांकलला कीं तो शेजाऱ्याच्या बांधावर जातो. त्यामुळें भावकींत जीं भांडणें होतात तीं निराळींच.

या जनावरांनीं आपलें रान सोडून आपल्या शेतांत कां यावें, असेंही विचारलें जातें. त्यांचें रान कोणतें होतें हें मात्र कोणी आठवीत नाहीं. आपला जिल्हा जंगलाचा नव्हे. येडशी-रामलिंग घाटाचें अभयारण्य, तें इ. स. १९९७ मध्यें झालेलें, जेमतेम २२ चौ. कि. मी. भरतें. काळवीट हें दाट झाडींतील जनावर नव्हेच. तें उघड्या गवताळ माळाचें. म्हणजे गांवाचें गायरान आणि पडीक हेंच त्याचें घर. तें गायरान कोठें गेलें हें प्रत्येक गांवांत सर्वांस ठाऊक आहे; त्यावर आपल्यांपैकींही कित्येकांचे फाळ चाललेले आहेत. माळावरील लांडगा कमी होत गेला, तो मेंढरांमागें लागतो म्हणून आपणच त्यास नकोसा केला. हरणांवर जरब ठेवणारें तेंच एक जनावर होतें. पूर्वीं फासेपारधी येत आणि हरणें फांसांत धरीत, त्याचा शेतकऱ्यास लाभच होई. पुढें त्या जमातीस इंग्रजांच्या कायद्यानें गुन्हेगार ठरविलें, आणि १९७२ नंतर तो व्यवसायही बंद झाला. एकूण काय, जनावराचें घर गेलें, त्याचा वैरी गेला, आणि जनावर तेवढें राहिलें.

डिसेंबर २०२४ मध्यें येडशीच्या अभयारण्यांत कॅमेऱ्यानें वाघ टिपला. तो यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरहून चारशेंहून अधिक कि. मी. चालून आलेला होता. पुढें गाई-वासरें मारलीं गेलीं, लोक शेतांत जावयास धजेनात, त्यास पकडावयास पथकें आलीं आणि हात हालवीत परत गेलीं. वृत्तपत्रांनीं त्या एका वाघास जेवढी जागा दिली, तिच्या शतांश जागा त्याच माळावर रोज सोयाबीन खाणाऱ्या कळपांस मिळाली असती तर बरें झालें असतें.

जनावर राखणारा एक आणि भुर्दंड सोसणारा दुसरा, ही तक्रार केवळ आपलीच नव्हे. जपानांत इकी नांवाचें बेट आहे. तेथील कोळी गळानें बुरी नांवाचा मासा धरून पोट भरतात. डॉल्फिन मासळी पळवितात म्हणून त्यांनीं डॉल्फिनास समुद्रांतील उपद्रव ठरविलें, आणि इ. स. १९७८ मध्यें सुमारें एक हजार डॉल्फिन किनाऱ्याशीं कोंडून मारले. त्या चित्रांनीं जगभर गहजब झाला. फेब्रुवारी १९८० मध्यें डेक्स्टर केट नांवाच्या अमेरिकन मनुष्यानें रात्रीं जाऊन जाळें सोडलें व शेंकडों डॉल्फिन मोकळे केले. त्यास अटक झाली, खटला झाला. मुक्या प्राण्यांविषयीं त्याची कळकळ खरी होती. पण कोळ्याचा बुडालेला मासा कोणीं भरून द्यावा हा प्रश्न त्या गहजबांत मागेंच पडला.

हाच प्रश्न आपल्या कोंकणपट्टींत पुढें निराळ्या रीतीनें सोडविण्यांत आला, आणि तो आपण नीट पाहण्याजोगा आहे. कासव, डॉल्फिन, देवमासा असें संरक्षित जनावर जाळ्यांत अडकलें तर कोळ्यानें जाळें कापून तें सोडावें, अशी अपेक्षा. जाळें कापलें कीं कोळी बुडाला. म्हणून पूर्वीं जनावर गुपचूप मरत असे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रांतील वनखातें व मत्स्यव्यवसाय खातें यांनीं अशी योजना केली कीं, सुटका करतांना काढलेलें छायाचित्र पुरावा म्हणून दाखवावें आणि जाळ्याच्या नुकसानीबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी. म्हणजे सरकारनें मान्य केलें कीं कासव राखण्याचा खर्च कोळ्याचा नव्हे. समुद्रांत जें तत्त्व मान्य झालें तेंच माळावर मान्य होण्यास अडचण कोणती?

भरपाई आम्हांसही आहे, असें उत्तर येईल. आहे खरी. पण नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आंत वनखात्याकडे तक्रार करावयाची, सातबारा जोडावयाचा, संयुक्त पंचनाम्याची वाट पाहावयाची. आणि पंचनाम्यास येतात तेव्हां पीक पुन्हां फुटलेलें असतें. बटाईनें करणाऱ्याचें नांव तर सातबारावर नसतेंच. एक-दोनदां खेटे घातल्यावर शेतकरी तो नाद सोडतो. तक्रारी येत नाहींत म्हणून नुकसान नाहीं, असा निष्कर्ष वर निघतो. त्यास मी शेतकऱ्याचाही दोष मानतों.

कांहीं मित्र म्हणतात, भरपाई नको, बंदूक द्या. त्यांचा संताप मला समजतो. बिहारांत इ. स. २०१६ मध्यें मोकामा भागांत हैदराबादहून शिकारी आणून दोनशेंहून अधिक नीलगाई मारण्यांत आल्या. केंद्रांतील दोन मंत्र्यांत त्यावरून जाहीर वाद झाला. आणि बिहारच्या शेतकऱ्याची नीलगाईची तक्रार आजही संपलेली नाहीं. रानडुकरापुरतें पाहिलें तर केरळचा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तेथें इ. स. २०२२ पासून ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांस परवानगी देण्याचा अधिकार दिला आहे, म्हणजे निर्णय शेताजवळ आला. काळविटास मात्र हा उपाय लागू नाहीं, आणि कुंपणांत चोरून वीज सोडणें हा तर उपायच नव्हे. त्यांत जनावर मरतें त्याआधीं पुष्कळदां शेजारचा मनुष्य मरतो.

काळविटासाठीं अभयारण्य वाढवा, अशीही एक सूचना असते. तीस मान डोलविण्यापूर्वीं शेजारच्या सोलापूर जिल्ह्याकडे पाहावें. माळढोक पक्ष्यासाठीं इ. स. १९७९ मध्यें सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौ. कि. मी. क्षेत्र अभयारण्यांत घातलें. त्यांत खासगी शेतें आलीं, गांवें आलीं. जमिनीची खरेदी-विक्री अडली, बांधकामें अडलीं. माळढोक कोणाचें पीक लुटणारा पक्षी नव्हे. उलट टोळ-किडे खाणारा. तरी लोक त्याचा द्वेष करूं लागले, कारण तो सातबाऱ्यावर येऊन बसला होता. पुढें तें क्षेत्र सुमारें १,२२२ चौ. कि. मी. वर आणलें, तोंवर पक्षीच दिसेनासा होत आला होता.

तेव्हां मागणी काय करावी? ती लहान आणि मोजकी असावी. इ. स. २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणींत मोबाईलवर स्वतःच करतो. त्याच पाहणींत वन्यप्राण्यांच्या नुकसानीचा एक रकाना असावा, आणि तो हंगामांत एकदांच नव्हे, तर उगवण, फुलोरा व सुगी या तीनही वेळीं भरतां यावा. दुसरें, दुबार पेरणीचें बियाणें व मजुरी यांस भरपाईंत जागा असावी. आज हिशेब मुख्यतः वाया गेलेल्या पिकाचा होतो. तिसरी गोष्ट निकडीची आहे. वन्यप्राण्यांनीं केलेलें नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत खरीप २०२६ पासून घेण्याचें केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२५ मध्यें जाहीर केलें. नुकसानीची सूचना ७२ तासांत छायाचित्रासह द्यावयाची आहे. परंतु कोणतीं जनावरें व कोणते जिल्हे त्यांत यावेत, हें राज्य सरकार ठरविणार. यादी करणारा कारकून आंकडे मागेल. जंगलाच्या जिल्ह्यांकडे ते असतील. जंगल नसलेला आपला जिल्हा तेथें काय दाखविणार?

म्हणून संस्थेच्या कार्यकारी मंडळास माझी सूचना अशी कीं, येत्या मृगापासून प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एक वही ठेवावी. तींत तारीख, गट नंबर, पीक व त्याचें वय, जनावर कोणतें, क्षेत्र किती, आणि छायाचित्र कोणाच्या मोबाईलवर आहे, एवढें लिहावें; वनखात्याकडे तक्रार केली असल्यास तिचा क्रमांक शेजारीं घालावा. भूम, परंडा, वाशी, कळंब, तुळजापूर, सर्व तालुक्यांतून वह्या आल्या तर दिवाळीपूर्वीं त्यांची एक बेरीज करून जिल्हाधिकाऱ्यांकडे देतां येईल. बेरजेचें काम मी विनामूल्य करीन. बटाईदाराचें नांवही वहींत लिहावें, सातबाऱ्यावर तें नसलें तरी.